घोड्यावर बसणे आणि घोडेस्वारी शिकणे
उन्हाळी शिबिरांविषयी पालकांसाठी थोडे सविस्तर

वार्षिक परीक्षा आटोपून शाळांना सुट्टी लागली, की उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती घरोघरी येऊन पडतात. चित्रकला, पोहणे, बायबल शिबिर, संस्कारवर्ग यांच्या पंगतीत अलीकडे घोडेस्वारीचे शिबिरही येऊन बसले आहे. सकाळी मुलाला सोडायचे आणि दुपारी घरी आणायचे, मुक्काम करायचा नाही, असे हे शिबिराचे स्वरूप असते. महाड आणि पोलादपूर परिसरातील काही पालकांनी, विशेषतः औद्योगिक वसाहतीत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या कुटुंबांनी, अशा शिबिराला मुलांना पाठवावे काय, आणि पाठवायचे झाल्यास काय पाहावे, अशी विचारणा आमच्याकडे केली आहे. एका वाक्यात उत्तर द्यायचे, तर पाठवावे. मात्र मुलाला घोड्यावर बसवून आणणे आणि मुलाला घोडेस्वारी शिकवणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. हा फरक कळला नाही, तर पैसे वाया जातातच, पण क्वचित त्याहून फार मोठे काही हातचे जाते.

महाड-पोलादपूरच्या मुलांना घोडा परका नाही. लग्नाच्या वरातीत तो दिसतो. आंबेनळी घाट चढून सुमारे चाळीस किलोमीटरवरील महाबळेश्वरला गेले, की वेण्णा तलावाकाठी झूल घातलेले घोडे उभेच असतात. (घाट चढला की आपण मुंबई महाधर्मप्रांतातून पुणे धर्मप्रांतात प्रवेश करतो, हे जाता जाता.) शिवाय दिवाळीनंतर देशावरील धनगर बांधव मेंढरांचे कळप घेऊन घाट उतरून कोकणात येतात. भाताच्या मोकळ्या खाचरांत मेंढ्या बसवायच्या, शेताला खत द्यायचे, मोबदल्यात धान्य घ्यायचे आणि पावसाळ्याआधी परत फिरायचे, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. त्यांचे सारे बिऱ्हाड तट्टांच्या पाठीवर असते. भांडीकुंडी, कोंबड्या, तान्ही मुले आणि त्या सगळ्यांवर घातलेले घोंगडे! त्या बिऱ्हाडातील आठ-दहा वर्षांची पोरे तट्टाची म्होरकी धरून ज्या सहजतेने त्याला ओढ्यावर नेतात, ती सहजता कोणत्याही शिबिराच्या पाच दिवसांत येणारी नाही. भीमथडीचे म्हणून ओळखले जाणारे हे दख्खनी तट्टू दिसायला लहान, पण काटक असते. त्याचा उल्लेख आपल्या राज्यगीतातही आहे.

आणि रायगडाविषयी काय सांगावे! ६ जून १६७४ रोजी जेथे शिवरायांचा राज्याभिषेक झाला, तो गड महाड तालुक्यातच आहे. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ आणि शिवचरित्रकार कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपूर तालुक्यात. मुलांच्या मनात घोडा येतो तो बहुधा या इतिहासातून, दोन पाय उंचावलेल्या पुतळ्याच्या रूपात. पुतळ्याच्या घोड्याला चारापाणी लागत नाही. खऱ्या घोड्याला लागते, आणि शिवकालातील कागदपत्रे वाचली तर स्वाराच्या पराक्रमाइतकीच या चाऱ्यापाण्याची काळजी तेथे आढळते. ही बाजू मुलांना सहसा कोणी सांगत नाही, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो.

कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीत घोडदळाची रचना दिली आहे. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. आणि त्याच पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद! म्हणजे घोड्यांना पाणी पुरवणारा आणि त्यांच्या खुरांची निगा राखणारा ही माणसे लष्कराच्या रचनेतच धरलेली होती. पावसाळ्यात घोडदळाने छावणीस परत यावे आणि घोड्यांसाठी दाणा, वैरण, औषधे व निवारा आधीच सिद्ध असावा, अशीही व्यवस्था त्यात सांगितली आहे.

याहून बोलके आहे ते महाराजांचे चिपळूण परिसरातील लष्करी अधिकाऱ्यांना गेलेले, १६७० च्या दशकातील पत्र. महाडहून दक्षिणेला चिपळूण. हवामान तेच, पाऊस तसाच. पत्राचा आशय आमच्या शब्दांत असा: पावसाळ्यासाठी साठवलेले दाणावैरण आत्ताच वाटेल तसे उधळाल, तर ऐन पावसात ते संपेल, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, तिच्याकडून धान्य व भाजीपाला हिसकावून आणाल, आणि रयतेला शत्रू परवडला असे वाटेल. त्यापुढे आगीविषयी सूचना आहे. गवताच्या गंज्यांजवळ चुली पेटवू नयेत, तंबाखू ओढू नये, रात्री दिवे जळते ठेवू नयेत. उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सारी वैरण खाक होईल! एक राजा उंदराने ओढलेल्या वातीचा विचार करतो, कारण त्या वातीवर घोड्याचा जीव अवलंबून आहे आणि घोड्यावर गरीब शेतकऱ्याचा घास. घोडेस्वारीच्या शिबिरात पहिल्या दिवशी हे पत्र मुलांना समजावून सांगावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

कोकणात घोडा पाळणे सोपे नाही, हेही या पत्रातून कळते. सतत ओल्या जमिनीत उभे राहिले की घोड्याचे खूर मऊ पडून कुजू लागतात. ओली, बुरशी आलेली वैरण खाल्ली की पोटशूळ उठतो. घोड्याला ओकारी होत नाही. माणूस बिघडलेले अन्न उलटून टाकतो, घोड्याला ती सोय निसर्गाने दिलेली नाही, म्हणून साधी वाटणारी पोटदुखी त्याच्या जिवावर बेतते. कदाचित म्हणूनच घोडेस्वारीचे पद्धतशीर शिक्षण आपल्या राज्यात मुख्यतः घाटावर रुजले. पुण्याजवळ खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना घोडेस्वारी शिकवली जाते. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर १९४२ साली अमॅच्युअर रायडर्स क्लब स्थापन झाला आणि शहरातील मुलांना या विद्येची ओळख झाली. आपल्याच रायगड जिल्ह्यातील माथेरानमध्ये मोटारींना मज्जाव असल्यामुळे चारशेहून अधिक घोडे आहेत. पण ते प्रवासी आणि सामान वाहण्यासाठी. ती शाळा नव्हे.

येथेच मूळ मुद्दा येतो. थंड हवेच्या ठिकाणी पैसे मोजून मुलाला घोड्यावर बसवले जाते. दोर अश्वपालाच्या हातात असतो. मूल खोगिराची मूठ गच्च धरून बसते, आई-वडील छायाचित्र काढतात, दहा मिनिटांत फेरी संपते. यात मूल काहीही शिकत नाही. ते घोड्याच्या पाठीवरचे ओझे असते, एवढेच. यात गैर काही नाही, आनंदही आहे. पण धोका मात्र शिकाऊ स्वारापेक्षा अधिक आहे. कारण घोडा दचकला तर काय करायचे, हे मुलाला ठाऊक नसते. २०१७ साली दक्षिण मुंबईतील एका उद्यानात अशाच फेरीत घोड्यावरून पडून सहा वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. माथेरानमध्येही शिरस्त्राण न घातलेले प्रौढ पर्यटक पडून दगावल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत आल्या आहेत. घोडा हा तीन-चारशे किलो वजनाचा प्राणी आहे आणि स्वभावाने तो भित्रा आहे. निसर्गाने त्याला शिंगे दिली नाहीत, नख्या दिल्या नाहीत. पळणे हेच त्याचे संरक्षण. उडालेली प्लॅस्टिकची पिशवी त्याला वाघासारखी वाटू शकते.

मग चांगल्या शिबिराचा दिवस कसा असतो? उन्हाळ्यात तो पहाटे सुरू होतो. साडेनऊ-दहानंतर, ऊन चढल्यावर, घोड्यावर कोणी बसत नाही. महाडसारख्या दमट हवेत तर मुळीच बसू नये. मुले प्रथम घोड्याजवळ जायला शिकतात. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला थेट पाठीमागचे आणि कपाळासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही. तेव्हा मागून जायचे नाही. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचे. मग खरारा. अंगावरील धूळ, घाम, सुटे केस काढताना मुलाचा हात घोड्याच्या पाठीवरून फिरतो आणि खोगिराखाली कोठे जखम आहे काय, सूज आहे काय, हे त्याला कळते. त्यानंतर एकेक पाय उचलून खुरात अडकलेला खडा, माती आकडीने काढायची. हे शिक्षक प्रथम करून दाखवतो, मोठी मुले हात लावतात, लहान पाहतात.

खोगीर चढवून तंग आवळणे हेही शिकायचेच. तंग सैल राहिला तर खोगीर फिरते आणि स्वार पोटाखाली येतो. फार आवळला तर घोड्याचा श्वास कोंडतो. लगामाची लोखंडी कडी त्याच्या जिभेवर टेकते, म्हणून लगाम हिसकायचा नसतो. या तोंडातील कडीवर संत याकोबाने आपल्या पत्रात एक दृष्टांत रचला आहे: एवढ्याशा कडीने एवढे मोठे जनावर वळते, तशीच माणसाची जीभ. ज्याने एकदा लगाम हाती धरला, त्याला तो दृष्टांत प्रवचनाशिवाय समजेल, अशी आमची खात्री आहे.

या सगळ्यात तास-दीड तास जातो आणि मूल अजून जमिनीवरच असते! काही पालकांना हे खटकते. घोड्यावर बसण्याचे पैसे दिले, आणि हे पोराकडून लीद काढून घेतात, अशी तक्रार आमच्या कानांवर आली आहे. पालकहो, ज्या शिबिरात लीद काढावी लागत नाही, तेथे मुलाला पाठवू नका.

यानंतर डावीकडून रिकिबीत पाय ठेवून वर चढायचे. पहिले काही दिवस घोडा मोकळा सोडत नाहीत. शिक्षक मध्यभागी उभा राहून लांब दोरीवर त्याला वर्तुळात फिरवतो. मूल लगामाला हात न लावता केवळ तोल सांभाळते. टाचा खाली, नजर समोर, पाठ ताठ पण ताठर नव्हे. मांड पक्की झाल्याशिवाय दुडकी नाही. दुडकी बसल्याशिवाय धावणे नाही. आठवड्याच्या शिबिरात मूल दुडकी चालीपर्यंत पोहोचले तर पुष्कळ झाले. ‘सात दिवसांत भरधाव’ अशी जाहिरात दिसली, तर ती खोगीरभरती समजावी. आणि शेवटी घोड्याला सावकाश चालवून थंड करायचे, पाणी दाखवायचे, तोबरा चढवायचा. त्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात महाडच्या वाड्यावस्त्यांवर हंडा घेऊन दूरवर जाणाऱ्या भगिनींना हा आकडा सांगावा, म्हणजे घोडा पाळणे म्हणजे काय ते ध्यानात येईल.

पालकांनी शिबिराच्या जागी जाऊन काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. घोडेस्वारीचे, हनुवटीखाली पट्टा असलेले शिरस्त्राण प्रत्येक मुलाला डोक्याच्या मापाचे मिळते काय? सायकलचे वा क्रिकेटचे शिरस्त्राण येथे चालत नाही. पायांत टाच असलेले बंद बूट हवेत. चप्पल घालून रिकिबीत पाय घातला तर तो आरपार जाऊन अडकतो, आणि पडलेले मूल घोड्यामागे फरफटत जाते. हा या खेळातील सर्वांत भीषण अपघात आहे. घोड्यांची पशुवैद्यकाकडून तपासणी झाल्याचा दाखला मागावा. ग्लँडर्ससारखा रोग घोड्यापासून माणसाला होऊ शकतो, तेव्हा दाखला मागण्यात संकोच नको. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भार नसावा, असे सर्वसाधारणपणे मानतात. लहान तट्टावर धिप्पाड मुलगा बसवलेला दिसला तर समजून जावे. आणि शिबिर चालवणारे आढेवेढे घेत असतील, तर खुशाल घोड्याच्या पाठीवरील खोगीर उतरवून दाखवायला सांगावे. खोगिराखालची पाठ खोटे बोलत नाही. जखमी किंवा लंगड्या जनावराला कामास जुंपणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

घोड्याकडे पाहून झाले की दोर धरणाऱ्याकडे पाहावे. तो कोण आहे? त्याचे वय काय? त्याच्या पायांत वहाणा आहेत काय? पर्यटनस्थळी कधी कधी घोड्यावर आपले दहा वर्षांचे मूल असते आणि घोड्यामागे धावत असते तेवढ्याच वयाचे दुसरे मूल. बालमजुरीचा कायदा २०१६ साली अधिक कडक झाला. कुटुंबाच्या व्यवसायात शाळा सांभाळून मदत करण्याची मुभा त्यात आहे, पण मे महिन्याच्या उन्हात दिवसभर घोड्यामागे धावणे ही मदत म्हणता येईल काय, याचा विचार प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकबुद्धीला साक्षी ठेवून करावा. अश्वपालांचे जीवन सुखाचे नाही. हंगाम थोड्या महिन्यांचा, घोड्याचे पोट बारा महिन्यांचे. माथेरानमध्ये २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावू लागल्यावर तेथील अश्वपालांनी आपल्या रोजगाराविषयी चिंता व्यक्त केली. हातरिक्षा ओढण्याची अमानुष प्रथा थांबवण्यासाठी ई-रिक्षा आवश्यकच होत्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सहा महिन्यांच्या आत ती प्रथा बंद करण्याचा आदेश दिला, हे योग्यच झाले. परंतु घोडेवाल्यांच्या प्रश्नाला उत्तर उरतेच. घोडा पोसणे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांनाच शिक्षक म्हणून प्रशिक्षण मिळाले, तर फेऱ्यांच्या जागी शिक्षण येईल, त्यांना मानाचे उत्पन्न मिळेल आणि घोड्यालाही विश्रांती. शिबिरे भरवणाऱ्यांनी हा मार्ग अवश्य पडताळून पाहावा.

धर्मशिक्षणाच्या वर्गात या विषयाला जागा आहे काय, असा प्रश्न एका शिक्षिकेने केला. आहे. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २४१६ ते २४१८ या परिच्छेदांत प्राण्यांविषयी स्पष्ट शिकवण दिली आहे. प्राणी ही परमेश्वराची निर्मिती. माणसाने त्यांचा कामासाठी व विरंगुळ्यासाठी उपयोग करून घेण्यास हरकत नाही. परंतु त्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. त्याच वेळी, माणसांच्या दुःखनिवारणासाठी खर्चायला हवा तो पैसा प्राण्यांवर उधळणेही योग्य नाही, असा तोलही तेथे सांभाळला आहे. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात धार्मिक माणसाची एक खूण सांगितली आहे ती हीच, की तो आपल्या जनावराच्या जिवाची काळजी वाहतो. पोप फ्रान्सिस यांचे २०१५ चे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक याच धाग्यावर पुढे गेले आहे.

ओघाने एक गंमत. संत पौल घोड्यावरून पडला, असे आपल्यापैकी बहुतेकजण म्हणतात. प्रेषितांच्या कृत्यांचा नववा अध्याय उघडून पाहावा: तेथे प्रकाश आहे, वाणी आहे, जमिनीवर पडणे आहे, घोडा कोठेच नाही! तो चित्रकारांनी आणला. कॅराव्हॅज्योच्या रोममधील सुप्रसिद्ध चित्रात तर घोड्यानेच निम्म्याहून अधिक जागा व्यापली आहे. धर्मशिक्षणाच्या शिक्षकांनी मुलांना हा प्रश्न जरूर विचारावा.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. दिव्यांग मुलांना घोडेस्वारीचा लाभ होऊ शकतो. घोड्याच्या चालीबरोबर स्वाराच्या कमरेला जी लय मिळते, ती माणसाच्या चालण्याशी जुळते, म्हणून तोल आणि स्नायूंचे नियंत्रण सुधारण्यासाठी तिचा उपयोग करतात. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना पोलिओमुळे गुडघ्याखाली पायांत शक्ती उरली नव्हती. घोड्यावर चढण्यास त्यांना मदत लागे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवले. मात्र हे काम वैद्यकीय सल्ल्याने आणि प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखालीच व्हावे. पर्यटनस्थळीच्या फेरीला उपचार म्हणू नये.

महाड-पोलादपूरच्या धर्मग्रामस्थांसाठी आमची व्यवहार्य सूचना अशी. एकदम महागड्या शिबिराचे शुल्क भरण्याऐवजी, मे महिन्यातील मुलांच्या शिबिराचा एक दिवस घोड्यासाठी राखून ठेवावा. वीस-पंचवीस मुले, दोन घोडे, एक अनुभवी अश्वपाल आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टर. सकाळी सहा ते नऊ. पहिला तास खरारा आणि खूर. मग नालबंदाचे काम प्रत्यक्ष पाहणे. मग, शिरस्त्राणे असतील तरच, दोरीवर प्रत्येकी काही मिनिटे. शिरस्त्राणे नसतील, तर कोणीही वर बसणार नाही, आणि तरीही दिवस फुकट जाणार नाही. गरीब कुटुंबांतील आणि आदिवासी वाड्यांवरील मुलांचे शुल्क धर्मग्रामाने उचलावे. त्यांना ‘पाहायला’ बोलावून बाजूला उभे करू नये. ज्या मुलांना खरोखर गोडी लागेल, त्यांच्या पालकांनी नंतर पुण्या-मुंबईच्या शिक्षणाचा विचार करावा. साधारण सात-आठ वर्षांच्या आतील मुलांना घाई करू नये. त्यांचे पाय घोड्याच्या कुशीला धड टेकतही नाहीत.

घोडे घाटावरून आणायचे ठरले, तर आंबेनळीची वळणे लक्षात घेऊन वाहनचालक अनुभवी हवा, प्रवास रात्रीच्या गारव्यात हवा आणि आल्यावर घोड्यांना पूर्ण एक दिवस विसावा हवा. वळिवाचे ढग दिसू लागण्यापूर्वीच ते परत गेलेले बरे. ज्या मुलांना धनुर्वाताची लस दिलेली नाही किंवा देऊन बरीच वर्षे झाली आहेत, त्यांच्या पालकांनी शिबिराआधी डॉक्टरांना भेटून घ्यावे. पागेच्या मातीत झालेली लहानशी जखमही त्या दृष्टीने लहान नसते.